स्टॉपरला कोच व्हायचंय? आधी ‘काढ!’ ओरडणं सोडायला लागतं

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वय सत्तावीस. बेळगावात आणि कोल्हापुरात फुटबॉल खेळला, स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलच्या पुढ्यातला मधला डिफेंडर, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी स्पर्धा बंद करायला सांगितलंय. तो विचारतो: ‘मी भारताकडून काय, राज्यांच्या संतोष ट्रॉफीतसुद्धा खेळलेलो नाही. पण डिफेंडर चांगले कोच होतात असं ऐकलंय. मला कोच होऊन देशाच्या अंडर-१७ टीमपर्यंत जाता येईल का? किती वर्षं लागतील आणि सुरुवात कुठून करू?’

माझ्या निम्म्या वयाचा आहेस म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस. मी पंधरा वर्षं स्टॉपर खेळलो आणि गेली बावीस वर्षं बेळगावात पोरांना शिकवतोय. देशाच्या टीमच्या बेंचवर मी कधी बसलेलो नाही. पण तिथं पोचलेली माणसं कुठल्या वाटेनं गेली ते नीट बघितलंय, आणि त्या वाटेचा सुरुवातीचा, चिखलाचा भाग स्वतः तुडवलाय.

‘पोचता येईल का’ हा तुझा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. त्याचं उत्तर तुझ्या कोचिंगच्या लायसन्सवर, ओळखींवर, नशिबावर आणि त्या वेळी देशाच्या फुटबॉल फेडरेशनला कसा माणूस पाहिजे यावर अवलंबून आहे, आणि त्यातलं निम्मंही तुझ्या हातात नाही. तुझ्या हातातला प्रश्न वेगळा आहे. स्टॉपरचा सगळा जन्म चूक होऊ नये म्हणून जातो. यूथ कोचचं सगळं काम पोरांना चुका करू देण्याचं असतं. हा पालट तुला जमेल का?

डिफेंडर चांगले कोच होतात हे निम्मं खरं आहे, आणि ते का खरं ते आधी सांगतो. स्टॉपरच्या पुढ्यात सगळा खेळ मांडलेला असतो. फॉरवर्डची गोलकडं पाठ असते, विंगरला फक्त आपली लाईन दिसते. स्टॉपरला नव्वद मिनिटं दोन्ही टीम दिसतात. मधल्या फळीतला कुठला हाफ दमलाय, कुणाचा बॅक पुढं जाऊन अडकलाय, त्यांचा दहा नंबर कुणाच्या पाठीमागं लपतोय. हे बघायची सवय अंगात मुरते आणि बूट काढले तरी ती जात नाही.

दुसरं म्हणजे तोंड. स्टॉपर गप्प बसला तर टीम आंधळी होते. आणि इथं आपल्या भागाचा एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या कोचला सहज मिळत नाही. माझ्या टीममध्ये राईट बॅक घरी कन्नड बोलायचा, हाफ बेळगावच्या कॅम्प भागातला, त्याची दखनी उर्दू, गोली कोकणीवाला आणि मी मराठी. पूर्ण वाक्य बोलायला वेळच नसायचा. ‘हिंदऽ!’ म्हटलं की पाठीमागं माणूस आहे हे सगळ्यांना कळायचं. ‘एकटा’, ‘बिडु’ (कन्नडमध्ये ‘सोड’), ‘लाईन’, ‘वेळ हाय’ एवढ्या चार-पाच शब्दांवर आम्ही अख्खे सीझन काढले. देशाच्या यूथ टीमच्या कॅम्पात मणिपूर, मिझोराम, बंगाल, गोवा, केरळ इथली पोरं एकत्र येतात. पंधरा वर्षांच्या त्या पोराला तुझं लांबलचक हिंदी किंवा इंग्रजी भाषण कळणार नाही. एका शब्दात काम सांगायची कला आपल्याकडं फुकट मिळते. भाषेवरनं भांडायला आपला जिल्हा पुढं आहे खरा, पण ग्राऊंडवर त्याच भाषांनी मला जेवढं दिलं तेवढं कुठल्या कोर्सनं दिलं नाही.

उदाहरणं हवी असतील तर चोर्ला घाट उतरला की गोव्यातच सापडतात. महेश गवळी बघ. टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेला स्टॉपर. २००३ साली जकार्त्यात आसियान क्लब चॅम्पियनशिप जिंकलेल्या ईस्ट बंगालच्या टीममध्ये होता, पुढं गोव्याच्या डेम्पो क्लबकडं आणि भारताकडं वर्षानुवर्षं खेळला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या चॅम्पियनशिपला, हेड कोच इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी आली, तेव्हा सेमीफायनल आणि फायनलला टचलाईनवर सहाय्यक म्हणून गवळीच उभे होते. फायनलला बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर कुवेतशी १-१ बरोबरी झाली आणि पेनल्टीवर आपण ५-४ जिंकलो. डेरिक परेराही गोव्याचे, साळगावकर क्लबचे आणि भारताचे डिफेंडर. पुणे एफसीचे कोच म्हणून आपल्याकडच्या लोकांना ते आठवत असतील. पुढं देशाच्या अंडर-२३ टीमचे कोच झाले.

हे दोघंही भारताकडून खेळलेले आहेत, तू नाहीस. त्याचा फरक पडतो का? पडतो. मोठं नाव असलं की पहिला दरवाजा लवकर उघडतो. पण तो उघडून आत राहायला नाव पुरत नाही, त्याबद्दल पुढं बोलू.

आता दुसरी, कडू बाजू. स्टॉपरच्या डोळ्याबरोबर स्टॉपरची भीतीही येते. मी शिकवायला लागलो तेव्हा माझ्याकडं तेरा वर्षांचा एक पोरगा होता, सेंटर बॅक खेळायचा. जुलैचा महिना, तांबडा चिखल, बॉल चार हात गेला की थांबायचा. अशा पावसातही हा पोरगा पाठीमागनं बॉल पायात घेऊन वर जायला बघायचा. एकाला चुकवायचा, दुसऱ्याला चुकवायचा, तिसऱ्यापाशी बॉल चिखलात रुतायचा आणि गोल बसायचा. मी लाईनवरनं बेंबीच्या देठापासनं ओरडायचो, ‘काढ! मार! बाहेर काढ!’ दोन महिन्यांत तो सरळ झाला. बॉल आला की डोळे मिटून लांब मारायला लागला. मी खूश. त्या वर्षी आम्ही शाळांच्या स्पर्धेत फायनलला गेलो, फक्त तीन गोल खाऊन. पुढच्या वर्षी पोरगा आलाच नाही. बाजारात एकदा भेटला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, ‘सर, तिथं मला खेळायला काय मिळत नव्हतं.’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश वगैरे पडला नाही. ‘पोरग्याला मस्ती आलीय’ असंच मला तेव्हा वाटलं. कळलं ते तीन-चार वर्षांनी, लायसन्सच्या कोर्समध्ये. प्रॅक्टिकलला मी ‘पाठीमागनं खेळ उभारणे’ हे सेशन घेत होतो. पोरानं चुकीचा पास दिला, मी शिट्टी मारली, खेळ थांबवला आणि त्याला योग्य पास दाखवला. सगळं पुस्तकातल्यासारखं. इन्स्ट्रक्टर जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘तुला काय दिसलं ते तू त्याला सांगितलंस. त्याला काय दिसलं ते विचारलंस का?’ मी पोराला विचारलं. त्यानं सांगितलं की डावा बॅक मोकळा होता, पण त्याच्यावर विंगर झडप घालायच्या तयारीत होता, म्हणून मुद्दाम मधला पास निवडला. पोराचा निर्णय बरोबर होता, पाय चुकला होता. आणि मी त्याचा निर्णय दुरुस्त करत बसलो होतो.

चौदा वर्षांच्या पोराच्या चुकीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्यानं बघितलं काय, ठरवलं काय आणि पायानं केलं काय. लाईनवरनं आपल्याला फक्त तिसरी दिसते. पहिल्या दोन विचारल्याशिवाय कळत नाहीत. स्टॉपरचं तोंड सतत सांगत असतं, त्याला विचारायची सवय नसते. ती लावून घ्यायला मला आणखी दोन वर्षं लागली.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर बघ. २०१८ साली मलेशियात आशियाई फेडरेशनची, म्हणजे एएफसीची, अंडर-१६ चॅम्पियनशिप झाली. बिबियानो फर्नांडिस यांची भारताची टीम व्हिएतनामला १-० हरवून आणि इराण, इंडोनेशियाशी ०-० बरोबरी करून क्वार्टर फायनलला पोचली. एक मॅच जिंकली असती तर अंडर-१७ वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं असतं. दक्षिण कोरियानं १-० हरवलं. चार मॅचमध्ये एक गोल खाल्ला आणि एकच केला. त्या पोरांनी जे केलं ते फार मोठं होतं, आणि आशियातल्या दादा टीमसमोर चिवट बचाव हाच शहाणपणाचा मार्ग होता. मी तिथं कोच असतो तर याहून वेगळं काही केलं नसतं. पण हाच आकडा माझ्यासारख्या जुन्या स्टॉपरला मोहात पाडतो. ‘बघा, एकच गोल खाल्ला!’ म्हणून आपण घरी बारा वर्षांच्या पोरांनाही तेच शिकवायला लागतो. आणि मग सोळाव्या वर्षी देशाच्या कोचला बॉल पुढं नेणारा पोरगा कुठनं मिळणार? त्या कॅम्पात नवीन काही शिकवायला वेळ नसतो. पोरं आणि कोच थोडे दिवस एकत्र असतात, बाकी वर्षभर पोरगा आपल्या अकादमीत, आपल्या गावात असतो. देशाचा यूथ कोच मुख्यतः निवडतो आणि जुळवतो. घडवणं खाली, तुझ्या-माझ्या ग्राऊंडवर होतं.

चुकीवरनं दोन परदेशी डिफेंडर आठवतात. इंग्लंडचा गॅरेथ साऊथगेट १९९६ च्या युरो कपच्या सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध पेनल्टी चुकला, तीही घरच्या वेम्बलीवर. दुसरा अर्जेंटिनाचा लिओनेल स्कालोनी. २००६ च्या एफए कप फायनलला वेस्ट हॅमचा बॅक होता, ३-२ नं पुढं असताना शेवटच्या क्षणी त्यानं काढलेला बॉल सरळ लिव्हरपूलकडं गेला, जेरार्डनं लांबनं बरोबरीचा गोल मारला आणि वेस्ट हॅम पेनल्टीवर हरलं. म्हणजे ‘काढ!’ म्हणून काढलेलाच बॉल अंगाशी आला. हे दोघंही पुढं देशाच्या यूथ टीमचे कोच झाले. साऊथगेट २०१३ ते २०१६ इंग्लंडच्या अंडर-२१ चे, स्कालोनी २०१८ मध्ये अर्जेंटिनाच्या अंडर-२० चे. तिथून दोघं मुख्य टीमकडं गेले. साऊथगेटच्या टीमनं २०१८ च्या वर्ल्ड कपला कोलंबियाला पेनल्टीवर हरवलं. वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडनं जिंकलेला तो पहिलाच शूटआऊट. स्कालोनीच्या टीमनं २०२२ चा वर्ल्ड कप जिंकला त्याचं काय सांगायचं, आपल्याकडंसुद्धा पोरांनी रात्रभर फटाके वाजवले. ज्याची स्वतःची चूक अख्ख्या देशानं बघितलीय, त्याला पोराच्या चुकीवर काय बोलू नये ते बरोबर कळत असणार. हा माझा अंदाज आहे, त्यांना विचारायला मी गेलेलो नाही.

साऊथगेटची आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. २००६ मध्ये खेळणं थांबवलं आणि लगेच इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो क्लबचा मॅनेजर झाला, तेव्हा त्याच्याकडं लागणारं लायसन्सही नव्हतं, सवलत घ्यावी लागली. २००९ मध्ये टीम खालच्या डिव्हिजनला गेली, त्याच वर्षी त्याला काढलं. अंडर-२१ चं काम त्याला त्यानंतर चार वर्षांनी मिळालं. तिथंही २०१५ च्या युरोत टीम गटात शेवटची आली. नावानं दरवाजा उघडला, पण आतलं काम त्याला पडत-झडतच शिकावं लागलं.

‘किती वर्षं’ याचं उत्तर मात्र मी स्पेनच्या माणसावरनं देतो. लुईस दे ला फुएन्ते, ॲथलेटिक बिल्बाओ क्लबचा लेफ्ट बॅक, १९८३ आणि १९८४ ची लीग जिंकलेला. खेळ थांबल्यावर बरीच वर्षं लहान टीम आणि अकादमीत काढली. २०१३ मध्ये फेडरेशनच्या यूथ टीमकडं आला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. २०१५ मध्ये अंडर-१९ युरो जिंकला, २०१९ मध्ये अंडर-२१ युरो, टोकियोला ऑलिम्पिकचं रौप्य आणि २०२४ मध्ये मुख्य टीमबरोबर युरो. त्या २०१५ च्या पोरांत रोद्री, उनाई सिमोन आणि मेरिनो होते, आणि हेच तिघं २०२४ मध्ये पुन्हा त्याच्याच टीममध्ये. तू सत्तावीसचा आहेस. घाई कसली?

आता कामाचं बोलू. आपल्याकडं शिडी ठरलेली आहे. एआयएफएफचं, म्हणजे आपल्या देशाच्या फेडरेशनचं, डी, मग एएफसीचं सी, बी, ए आणि शेवटी प्रो. दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळं पैसे असले तरी धावत सुटता येत नाही. देशाच्या यूथ टीमच्या आसपास जायचं तर ए च्या खाली विचारच करू नकोस. नेमानं शिकवत राहिलास, फीला पैसे जमले आणि जागा मिळत गेल्या तर ए ला दहा-बारा वर्षं धर. मला बी पर्यंत यायला त्याहून जास्त लागली, पण मी मध्ये नोकरी आणि लग्न दोन्ही केलं.

सीमाभागातल्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न: कोर्स कर्नाटकातनं करू की महाराष्ट्रातनं? लायसन्स देशभर चालतं, त्यामुळं जिथं जागा मिळेल तिथं कर. कर्नाटकात कोर्स बहुतेक बेंगळूरला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसलास की सकाळी पोचशील. गोवा आपल्याला जवळ, आणि तिथल्या कोर्सला येणारे लोक खेळाबद्दल जेवताना जे बोलतात त्यातनं वर्गापेक्षा जास्त शिकायला मिळतं. पण काम कुठं करणार ते एक ठरव. राज्याच्या टीमला सहाय्यक म्हणून बोलावणं यायचं तर त्या राज्याच्या असोसिएशनच्या लोकांनी तुला दहा वेळा ग्राऊंडवर बघितलेलं पाहिजे. अर्धा पाय कोल्हापुरात आणि अर्धा बेळगावात ठेवून खेळाडूचं चालतं. कोचला दोन्हीकडचे ‘पाहुणा’ म्हणतात. कोल्हापूरच्या तालमींचं फुटबॉल मला जीवापाड आवडतं, शाहू स्टेडियमवर एवढ्या गर्दीत खेळून स्टॉपरचं काळीज घट्ट होतं. पण तिथला पाठीराखा निकाल मागतो, आणि तुला सुरुवातीची पाच वर्षं निकालापासनं लांब, बारा वर्षांच्या पोरांत काढायची आहेत.

वयाबद्दल एक कडक गोष्ट. यूथ फुटबॉलची सगळ्यात मोठी कीड म्हणजे खोटं वय. आपल्याकडं डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, फिफा अंडर-१७ वर्ल्ड कपला २००९ पासनं मनगटाचा एमआरआय बघते. हाड जिथून वाढतं ती कड बुजलेली दिसली की संपलं. माझ्याकडं एका शाळेनं पाठवलेला दणकट पोरगा होता. हेडर असा मारायचा की दोन वर्षं आम्ही कुठं हरलो नाही. निवड चाचणीत एक्स-रेनं तो बाद झाला. जन्माचा दाखला कुणी बदलला ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. चूक माझीही होती. ओठावरची मिसरूड मला दिसत होती आणि मी जिंकतोय म्हणून बघितली नाही. या नादात त्याच टीममधला एक बुटका, हुशार हाफ मी दोन वर्षं बाकावर बसवला.

दाखला खरा असला तरी हा घोळ सुटत नाही. वर्षाची रेघ १ जानेवारीला पडते. एकाच अंडर-१४ टीममध्ये जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला पोरगा जवळजवळ वर्षाच्या फरकानं उभे असतात, आणि जगभर निवडलेल्या टीममध्ये जानेवारी ते मार्चची पोरं जास्त भरतात. त्यातनं आपण पडलो स्टॉपर. उंच, रुंद पोरगा बघितला की भाळतो. म्हणून माझ्या वहीत नावापुढं पहिला रकाना जन्ममहिन्याचा असतो, दुसरा बापाच्या आणि आईच्या उंचीचा. नोव्हेंबरात जन्मलेला बारीक पोरगा सहज टाकून देऊ नये याची ती आठवण आहे.

ही वही तू आजच सुरू कर, लायसन्सची वाट बघू नकोस. तुझ्या गावच्या शाळेत पीटी सरांना भेटून आठवड्यातनं तीन दिवस तास माग. पैसे मिळणार नाहीत. मिळाले तर बॉल घे. प्रत्येक सेशननंतर एक ओळ लिही: आज कुणाला काय विचारलं आणि तो काय म्हणाला. महिन्याभरात नुसती उत्तरं तुझीच भरली असतील, पोरांची नसतील, तर तोंड अजून स्टॉपरचंच आहे असं समज. रविवारी सकाळी टिळकवाडीत लेले मैदानावर ये, तिथं एकाच वेळी चार टीम सराव करत असतात. एका कोचकडं फक्त वीस मिनिटं कान देऊन बघ, तो किती वेळा सांगतो आणि किती वेळा विचारतो. गडहिंग्लजला दिवाळीत स्पर्धा असते, तिथंही जा. पण मॅच संपल्यावर लगेच घरी न येता हरलेल्या टीमचा कोच पोरांशी कसं बोलतो ते बघ.

आणि गुडघा. डेमो स्वतः देऊ नकोस. तुला वाटेल की कोचनं करून दाखवल्याशिवाय पोरं मानत नाहीत. माझंही पाऊल नडग्यांच्या मारानं वाकडं झालंय, तेव्हापासनं मी डेमो एखाद्या पोरालाच करायला लावतो. सुरुवातीला टॅकल शिकवताना तो पाय माझ्यासारखा टाकायचा नाही, माझा जीव वर-खाली व्हायचा. पण बघितलं तर बॉल त्यालाच मिळत होता.